कामगार संघटनांचा निवडणूक खर्च (अमेरिका)

अमेरिकेतील कामगार संघटनांनी निवडणुकीवर कोणता पैसा, कसा आणि कोणाच्या संमतीने खर्च करावा, हे ठरवणारे कायदे आणि न्यायालयीन निकाल या नोंदीत येतात. मुळात इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. युनियनला प्रचारात पैसा ओतू द्यायचा का, हा पहिला. ज्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते त्या कामगाराला तो उमेदवारच पसंत नसेल तर काय, हा दुसरा. सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या प्रश्नावर युनियनला मोकळीक दिली आणि दुसऱ्यावर तिची तिजोरी आखडली. त्यामुळे २०१० चा गाजलेला ‘सिटिझन्स युनायटेड’ निकाल २०१८ च्या ‘जेनस’ निकालाशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

कंपन्यांना केंद्रीय निवडणुकांत देणग्या देण्याची बंदी १९०७ पासून होती. युनियनवर तशी बंदी नव्हती. १९३६ मध्ये जॉन एल. लुइस यांच्या खाण कामगार संघटनेने फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रचाराला सुमारे पाच लाख डॉलर पुरवले. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. पुढे ऐन महायुद्धात याच संघटनेने कोळसा खाणी बंद पाडल्या, लोकमत फिरले आणि १९४३ मध्ये संसदेने रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून स्मिथ-कॉनली कायदा केला. त्याने युद्धकाळापुरत्या युनियनच्या देणग्या बंद केल्या.

त्यावर सीआयओ या महासंघाने त्याच वर्षी तोड काढली. शिवणकामगारांचे पुढारी सिडनी हिलमन यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी ‘राजकीय कृती समिती’ (पोलिटिकल अ‍ॅक्शन कमिटी, म्हणजे ‘पॅक’) नेमली गेली. अमेरिकी राजकारणात आज जागोजागी दिसणाऱ्या ‘पॅक’चे हे मूळ. सभासदांकडून स्वेच्छेने पैसे जमवायचे, ते युनियनच्या खात्यात न मिसळता वेगळे ठेवायचे आणि तिथून उमेदवाराला द्यायचे, अशी ही पद्धत पुढे रुळली. गंमत अशी की कामगारांनी घडवलेले हे हत्यार पुढे कंपन्यांनी उचलले आणि पॅकच्या संख्येत युनियनना कितीतरी मागे टाकले.

१९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने बंदी कायमची केली आणि देणगीच्या जोडीला ‘खर्च’ हा शब्दही घातला. आता युनियनने उमेदवाराच्या हाती छदामही न देता स्वतःहून प्रचार केला, तरी तो गुन्हा ठरणार होता. सीआयओने हा कायदा लगेच पारखून पाहिला: आपल्या मुखपत्रात मेरीलंडमधील एका पोटनिवडणुकीच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला. खटला झाला. १९४८ मध्ये न्यायालयाने घटनेचा प्रश्न टाळला आणि सभासदांसाठीच्या मुखपत्राला हा कायदा लागू नाही, असा अर्थ काढून युनियनला सोडले. १९५७ मध्ये मोटार कामगारांच्या युनियनचे प्रकरण आले. वर्गणीच्या पैशातून दूरचित्रवाणीवर, म्हणजे सभासदांबाहेरच्या जनतेपुढे, प्रचार केल्याचा आरोप होता. न्या. फ्रँकफर्टर यांनी खटला चालू द्या म्हटले, पण बंदी घटनेत बसते की नाही यावर तोंड उघडले नाही. पुढे ज्यूरीने युनियनला निर्दोष ठरवले, त्यामुळे तो प्रश्न तसाच राहिला. पॅकची पद्धत मात्र १९७१ च्या निवडणूक कायद्यात आणि १९७२ मध्ये सेंट लुइसच्या पाइप कामगारांच्या खटल्यात मान्य झाली.

दुसरा प्रश्न समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेत एखाद्या आस्थापनेत बहुमताने निवडलेली युनियन सर्वांच्या वतीने वाटाघाटी करते, सभासद नसलेल्यांच्याही. गिरणगावातल्या ‘प्रातिनिधिक युनियन’ची आठवण असलेल्यांना हे नवे वाटणार नाही. फरक इतकाच की अमेरिकेत पावती न फाडणाऱ्याकडूनही वाटाघाटींच्या खर्चाचा वाटा घेण्याची मुभा अनेक राज्यांत होती. मग त्या वाट्यातून प्रचार करता येईल का? १९६१ मध्ये रेल्वे कामगारांच्या, १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या (अबूड निकाल) आणि १९८८ मध्ये टेलिफोन कामगारांच्या (बेक निकाल) प्रकरणांत न्यायालयाने एकच उत्तर दिले: वाटाघाटींचा वाटा घ्या, पण हरकत घेणाऱ्याचा पैसा राजकारणात वापरू नका. बेक प्रकरणात कनिष्ठ न्यायालयाला शुल्कापैकी जेमतेम २१ टक्के रक्कम वाटाघाटींवर खर्च झाल्याचे दिसले होते.

कंपनीच्या राजकीय खर्चाला हरकत घेणाऱ्या भागधारकाला असा हक्क कोणी दिला नाही. १९९० च्या ऑस्टिन निकालात न्यायालयाने हे उघड मान्य केले होते. मिशिगनचा कायदा कंपन्यांना प्रचारखर्चाची बंदी घालतो पण युनियनना वगळतो, हा भेदभाव न्यायालयाने योग्य ठरवला. एक कारण असे होते की युनियनच्या राजकारणाला पैसा न देताही कामगाराला नोकरी टिकवता येते.

हा ऑस्टिन निकाल २१ जानेवारी २०१० रोजी ‘सिटिझन्स युनायटेड’ प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत निघाला. न्या. केनेडी यांनी लिहिलेल्या निकालानुसार उमेदवाराशी संगनमत न करता केलेला प्रचारखर्च हे भाषणच आहे आणि बोलणारी कंपनी आहे की युनियन, यावरून ते दाबता येत नाही. निकालाची चर्चा कंपन्यांच्या अंगाने झाली, पण एएफएल-सीआयओ या सर्वांत मोठ्या महासंघाने न्यायालयापुढे बंदीविरुद्धच बाजू मांडली होती. त्यात नवल नाही: आजवर युनियनच्या तिजोरीतून उमेदवाराचा प्रचार सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढेच करता येत असे, आता शेजारच्या बिगरसभासदाचे दारही ठोठावता येऊ लागले. उमेदवाराला तिजोरीतून थेट देणगी देण्याची बंदी मात्र उठली नाही.

आठ वर्षांनी, २७ जून २०१८ रोजी, जेनस प्रकरणात त्याच भाषणस्वातंत्र्याच्या कलमाने उलटा तडाखा दिला. इलिनॉय राज्याच्या एका कर्मचाऱ्याकडून महिन्याला सुमारे ४५ डॉलर कापले जात होते. न्या. अलिटो यांच्या मते सरकारी नोकरीत वेतनाची वाटाघाटी हाही सार्वजनिक धोरणाचाच विषय, त्यामुळे बिगरसभासदाकडून संमतीशिवाय एक पैसाही घेता येत नाही. ४१ वर्षांचा अबूड निकाल रद्द झाला. न्या. केगन यांनी विरोधी मतात बहुमतावर भाषणस्वातंत्र्याचे शस्त्र केल्याचा ठपका ठेवला. सरकारी खाती हा युनियनचा शेवटचा भक्कम गड, म्हणून घाव वर्मी लागला. देशातले युनियन सभासदत्व १९८३ मध्ये २०.१ टक्के होते. २०२४ मध्ये ते ९.९ टक्क्यांवर आले. ही घसरण निकालाच्या कितीतरी आधीची आहे, हेही नोंदवले पाहिजे.

भारताने यातला दुसरा प्रश्न फार पूर्वी, कोणत्याही खटल्याशिवाय सोडवला. इंग्लंडमध्ये १९०९ च्या ऑस्बर्न निकालाने युनियनचा राजकीय खर्च बेकायदा ठरवला आणि १९१३ च्या कायद्याने स्वतंत्र राजकीय निधीची वाट काढली. त्याच धर्तीवर आपल्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या कलम १६ मध्ये वेगळा राजकीय निधी आला. त्यात पैसे न देणाऱ्या सभासदाचे, त्या निधीच्या कारभारापुरते सोडल्यास, कोणतेही हक्क कमी करता येणार नाहीत, असेही तिथे लिहिले गेले. भागधारकांसाठी मात्र तसे कलम नव्हते. टाटा आयर्न अँड स्टीलने राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी आपल्या घटनापत्रात बदल केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी १९५७ मध्ये त्याला मान्यता दिली, पण अशा देणग्यांपासून लोकशाहीला असलेल्या धोक्याकडे संसदेने लक्ष द्यावे, असेही त्याच निकालात बजावले.