आजीला मच्छर चावत नाहीत म्हणे

आमची आजी ठासून सांगते की तिला मच्छर चावतच नाहीत. इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे गच्चीवर बसतो, आणि यंदा पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याच्या पायावर दोन दिवसात रुपयाएवढ्या गांधी उठल्या. आजी म्हणे, त्याचं रक्त गोड आहे. मी मात्र त्याच गच्चीवर आजीच्या हातावर एक मच्छर निवांत बसलेला पाहिलाय, ढुंगण वर करून, पोट लाल होईपर्यंत, आणि तो उडाला तरी तिथे काही म्हणजे काहीच उठलं नाही.

म्हणजे चावतात हो, शरीराला सवय झालीये एवढंच. डास चावतो तेव्हा नुसतं रक्त ओढत नाही, आधी लाळ सोडतो. रक्त गोठू नये, गुठळी बनू नये, नस आवळू नये यासाठी त्या लाळेत ढीगभर प्रोटीन्स असतात. आपलं शरीर त्यांना परकं समजतं, आणि खाज, सूज हा सगळा त्याचाच तमाशा. लहानपणी सूज जास्त, वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर ती कमी होत जाते, काहींची तर थांबतेच. त्यामुळे कोणाला किती डास चावले हे गांधी मोजून कळत नाही.

पण मलेरियावर काम करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं, माणसाला किती चावे बसतात. जुनी पद्धत ऐकाल तर हसाल, एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून रात्रभर बसतो, पायावर डास टेकला की टॉर्च मारून नळीने ओढून डबीत टाकतो आणि सकाळी मोजणी. मोजणाऱ्यालाच मलेरिया होण्याची भीती, शिवाय जिथे डास कमी तिथे रात्र-रात्र डबी रिकामी. आणि त्यातून कळतं काय, तर त्या एका माणसाच्या पायाचं, शेजारच्या घरात मच्छरदाणीबाहेर झोपणाऱ्या पोराचं नाही.

म्हणून उलटं डोकं चालवलं गेलं, डास शोधण्यापेक्षा चावलेल्या माणसाचं रक्तच विचारूया. लाळेतल्या प्रोटीन्सवर शरीर अँटीबॉडी बनवतं, म्हणजे परक्या गोष्टीला ओळखून धरणारी रक्तातली प्रोटीन्स. अडचण अशी की डासांचे प्रकार अनेक, क्युलेक्स चावला काय, एडिस चावला काय, लाळेतलं बरंच काही सारखंच, आणि आपल्याला फक्त ॲनोफेलिस हा प्रकार हवा, कारण माणसाचा मलेरिया तोच पसरवतो. इथे कामाला आलं जीएसजी-६ नावाचं एक छोटंसं प्रोटीन, आफ्रिकेतल्या ॲनोफेलिस गॅम्बीच्या लाळेतलं, जे क्युलेक्स-एडिसकडे नसतंच. त्यातला २३ अमिनो ॲसिडचा एक तुकडा निवडला गेला आणि २००८ मध्ये सेनेगलमधल्या मुलांच्या रक्तात दिसलं की जास्त चावे तिथे त्याच्याविरुद्धची आयजीजी (अँटीबॉडीचा एक प्रकार) अँटीबॉडीही जास्त.

टेस्ट तशी सोपी आहे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब जाड कागदावर घ्यायचा, वाळवायचा, लॅबमध्ये धाडायचा. तिथे ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, प्रत्येक खळग्याच्या तळाला तो तुकडा चिकटवलेला, वरून कागदातून सोडवलेलं रक्त पातळ करून घालतात. अँटीबॉडी असेल तर तुकड्याला धरून बसते, बाकीचं धुवून जातं, मग रंग आणणारं रसायन टाकलं की खळगा रंगतो, अँटीबॉडी जास्त तितका गडद. मशीन तो गडदपणा आकड्यात सांगतं.

खरी गंमत पुढे आहे. चावे थांबले की ही अँटीबॉडी फार टिकत नाही. अंगोलात औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्यावर काही आठवड्यांतच लोकांच्या रक्तातला आकडा उतरला, म्हणजे मच्छरदाणी घरात नुसती आणून ठेवली की खरंच लावून झोपले, हे कळायला मार्ग सापडला. एकट्या माणसाच्या रिपोर्टवर फार विसंबू नये, शरीराशरीरात फरक असतो, पण मोहल्ल्याशी मोहल्ला, गावाशी गाव ताडून बघायला हे भारी आहे. आणि हो, चावणारा डास मलेरियाचा जंतू घेऊन फिरत होता का, ते यातून कळत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या काही ॲनोफेलिसकडे तर हे प्रोटीनच नाही, तिथे दुसरा मार्ग शोधावा लागतो.

आपल्याकडे शहरातला मलेरियावाला मुख्य डास म्हणजे ॲनोफेलिस स्टिफेन्सी, आणि तो गटारात नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. इंदूरचे रस्ते कितीही चकाचक असू देत, नर्मदेचा नळ येतो एक दिवसाआड, मग प्रत्येक गच्चीवर टाकी आलीच. परवा मी आमच्या टाकीचं झाकण उचललं, एका बाजूने तडकलंय, टॉर्च मारला तर पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पसरलेल्या बारीक अळ्या. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून लटकते, ही आडवी असते, म्हणजे ॲनोफेलिसच. खाली येऊन आजीला सांगितलं.

"बघ," आजी म्हणाली, "तरीच पोराला चावतात."