चार तळहातांवर उभी गाडी

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात 2009 सालची एक स्विफ्ट विकत घेतली आणि तिचा 'पिकअप वाढवण्यासाठी' बाजूला काढलेले 25 हजार रुपये कुठे घालावेत, हे विचारायला तो माझ्याकडे आला. विचारायला आला म्हणणे तितकेसे खरे नाही, कारण यादी त्याने आधीच केली होती : शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, घुमणारा सायलेन्सर आणि पैसे उरलेच तर सोळा इंची अलॉय चाके. या यादीत टायरचा रबर कुठेच नव्हता, आणि माझ्या मते जुन्या छोट्या गाडीवरचा पहिला रुपया तिथेच खर्च व्हायला हवा.

आधी फिल्टरचा हिशेब करू. 1298 सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांवर सुमारे 3900 लिटर. हा आकडा ऐकून कागदी फिल्टर म्हणजे इंजिनाच्या नाकावर धरलेला रुमाल असावा, असे वाटू लागते. वास्तविक स्वच्छ कागदी फिल्टर ओलांडताना हवेचा दाब जेमतेम एखाद-दोन टक्के घटतो, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नसतो तेव्हा खरा अडथळा हवेची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेचा असतो, फिल्टरचा नव्हे. उलट उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा आत घेतो. 30 अंशांची हवा 60 अंशांवर गेली की तिची घनता 9 टक्क्यांनी कमी होते, आणि तेवढाच प्राणवायू कमी मिळतो. ताकदीऐवजी वाढतो तो फक्त आवाज, पण कानाला तो ताकदीसारखा वाटतो. मळलेला मूळ फिल्टर बदलणे मात्र जरूर फायद्याचे असते, आणि ते काम काहीशे रुपयांत होते.

मग मी त्याला टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला सांगितले. तिथे 1416 असे कोरलेले होते, म्हणजे 2016 सालच्या चौदाव्या आठवड्यातले उत्पादन. नक्षी भरपूर शिल्लक होती, टायर काही गोटा झालेला नव्हता, त्यामुळे विकणाऱ्याने 'टायर नव्यासारखे' असे सांगितले त्यात नवल नाही. परंतु खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या आणि नख रोवले तर ते रबरात जराही रुतत नव्हते.

इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड आणि वळणावरचा तोल ही सगळी बळे शेवटी चार ठिकाणांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचतात. दोन माणसांसह गाडीचे वजन साधारण 1150 किलो धरले तर एका चाकावर सुमारे 290 किलो भार येतो. टायरमध्ये 30 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.1 किलो दाब असेल, तर तो भार पेलायला ढोबळ मानाने 140 चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावे लागते. बोटांसह पसरलेला तळहात एवढाच भरतो.

शाळेत आपण शिकतो की घर्षण स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. रबर हा नियम पाळत नाही, आणि हीच मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. रबर रस्त्याला दोन रीतींनी धरते. पहिली रीत चिकटण्याची : मऊ रबर डांबराच्या खाचाखोचांत शिरून प्रत्यक्ष स्पर्श वाढवते आणि रेणूंच्या पातळीवर रस्त्याला चिकटते. मध्ये धूळ किंवा पाण्याचा थर आला की ही पकड फार ढिली पडते. दुसरी रीत ओल्या रस्त्यावरही चालते. खडीच्या कंगोऱ्यावरून घसरताना रबर पुढच्या उतारावर दाबले जाते, आणि कंगोरा ओलांडल्यावर त्याला पूर्ववत व्हायला किंचित वेळ लागतो. त्यामुळे पुढच्या बाजूने ते कंगोऱ्याला जितक्या जोराने रेटते, तितक्या जोराने मागच्या बाजूने रेटत नाही. या दोन बळांतला फरक म्हणजेच घसरणीला होणारा विरोध. दाबताना घातलेली सगळी ऊर्जा परत न करण्याच्या या सवयीला हिस्टेरिसिस म्हणतात. स्क्वॉशचा थंड चेंडू जमिनीवर टाकला तर तो जेमतेम उसळतो आणि खेळून गरम झाला की छान उसळतो. त्याच्या थंडपणी जी ऊर्जा 'हरवते', ती उष्णता झालेली असते.

इथे एक पेच आहे. ऊर्जा गिळणारे रबर पकड देते, पण तेच चाक फिरताना प्रत्येक फेरीला दबून इंधनही खाते. यातून सुटका होते ती वारंवारितेमुळे. ताशी 70 किलोमीटरला या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे 10 फेऱ्या घेते, म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला 10 वेळा दबतो. ब्रेक लागल्यावर मात्र तेच रबर सेकंदाला मीटरभर घसरत असेल, तर मिलिमीटरभर अंतरावरचे कंगोरे त्याला सेकंदाला हजार वेळा दाबतात. रबराला वाढती वारंवारिता आणि घटते तापमान ही जवळजवळ सारखीच वाटतात. म्हणून रसायनतज्ज्ञ 60 अंशांवर कमी ऊर्जा गिळणारे आणि शून्य अंशांच्या आसपास भरपूर गिळणारे मिश्रण शोधतात. पहिले मोजमाप ॲव्हरेजचा अंदाज देते, दुसरे ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा. 1990 च्या दशकात रबरात मिसळायच्या काजळीच्या जोडीला सिलिका (वाळूतलेच द्रव्य, बारीक पूड करून) वापरात आली, ती हा समतोल साधण्यासाठीच.

जुन्या टायरमध्ये हे सगळे बिघडते. प्राणवायू आणि ओझोन यांच्या माऱ्याने रबराच्या साखळ्या काही ठिकाणी तुटतात, काही ठिकाणी नव्याने एकमेकींत गुंततात, मिश्रणातली तेले निघून जातात आणि रबर ताठ होते. ताठ रबर खाचांत शिरतच नाही, मग नक्षी कितीही खोल असो.

घर्षणांक, म्हणजे पकडीचे वजनाशी असलेले प्रमाण, 0.8 असेल तर ताशी 80 किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक लावल्यावर गाडी साधारण 31 मीटरांत थांबते, तो 0.6 वर आला तर 42 मीटर लागतात. पहिली गाडी जिथे थांबली, तिथून दुसरी अजून ताशी 40 च्या वेगाने पुढे जात असते.

टायरच्या दुकानात 'नायट्रोजन भरा, गाडी हलकी पळेल' असेही सांगितले जाते. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. ॲव्हरेज वाढेल म्हणून पेट्रोलच्या नळीला बांधायच्या चुंबकाबद्दल आणि बंपरला लटकणाऱ्या लिंबू-मिरचीबद्दल माझे मत एकच आहे. फरक इतकाच की लिंबू-मिरची स्वस्त पडते.

अलॉयचा विचार त्याने सोडला, कारण मोठे चाक वजनदार असेल तर परिघावरचा एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा भासतो. त्याऐवजी ब्रेक ऑइल बदलले. ते हवेतले पाणी शोषते. डॉट 3 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 205 अंश असतो, पण 3.7 टक्के पाणी शिरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक इतके तापू शकतात की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ लागते.

टायरच्या दुकानात भाच्याने आधी आठवड्याचा आकडा वाचला, आणि चारांपैकी एक टायर अडीच वर्षांपूर्वीचा निघाल्यावर बदलून मागितला. दुकानदाराने कुरकुरत आतून दुसरा आणला. "मामा, दोनच घेतले असते तर पुढे लावायचे ना?" असे त्याने विचारले. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून बहुतेकांना तसेच वाटते, पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जात राहते आणि वेग कमी केल्यावर बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची सुटली तर ती गरकन फिरते आणि सावरायला वेळ उरत नाही. म्हणून दोनच नवे टायर असतील, तर ते मागे लावायचे.