जुन्या मोटारीच्या एसीचे रूपांतर (आर-१२ ते आर-१३४ए)

आर-१२ या प्रशीतकासाठी (यंत्रणेत फिरून गारवा देणाऱ्या वायूसाठी) घडवलेली मोटारीची वातानुकूलन यंत्रणा आर-१३४ए या नंतरच्या वायूवर चालेल अशी करून घेणे म्हणजे हे रूपांतर. गॅरेजमध्ये त्याला ‘गॅस बदलणे’ म्हणतात, आणि हे काम फसते ते याच समजुतीने. गॅस भरणे हा यातला सर्वांत सोपा आणि अगदी शेवटचा भाग. खरे काम तेलाचे, रबराचे आणि कंडेन्सरचे (वायूची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचे) असते.

आर-१२ म्हणजे डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन. अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास तो शीतकपाटांसाठी पुढे आणला आणि ‘फ्रिऑन’ या नावाने तो जगभर पोचला. पेट घेत नाही, अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइडसारखा जिवावर उठत नाही, आणि साध्या खनिज तेलात सहज मिसळतो, असे त्याचे गुण होते. पॅकार्डने १९४० च्या मॉडेलांत कारखान्यातूनच एसी द्यायला सुरुवात केली. १९५३ पासून मोठ्या अमेरिकन गाड्यांत ही सोय पसरत गेली, आणि पुढची चाळीस वर्षे मोटारीचा एसी म्हणजे आर-१२ असेच समीकरण होते. मात्र १९७४ मध्ये मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले, की असल्या वायूंतला क्लोरिन वरच्या वातावरणात जाऊन ओझोन नष्ट करतो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. अमेरिकेत १९९५ अखेर आर-१२ चे उत्पादन थांबले. भारतात १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत तो वापरण्यास बंदी आली आणि १ ऑगस्ट २००८ पासून उत्पादनही बंद झाले. त्यामुळे नव्वदच्या दशकातली आपल्याकडची गाडीही या नोंदीच्या कक्षेत येऊ शकते. तिच्यात कोणता वायू आहे ते बॉनेटखालच्या पट्टीवरून आणि गॅस भरण्याच्या तोंडावरून ओळखावे.

आर-१३४ए च्या रेणूत क्लोरिन नाही, म्हणून ओझोनला त्याची झळ पोचत नाही. त्याचा उत्कलनबिंदू उणे २६ अंश सेल्सियस, तर आर-१२ चा उणे ३० च्या आसपास. हा फरक किरकोळ वाटतो, पण गरम बाजूला तो जाणवतो. कंडेन्सर ६० अंशांवर असेल, तर आर-१२ चा दाब सुमारे १५ बार असतो आणि आर-१३४ए चा जवळजवळ १७ बार. गाडी वेगात असताना ही तफावत पचते. भर उन्हात सिग्नलला उभी राहिली, की दाब चढतो, वायू दाबणारा कॉम्प्रेसर ओढू लागतो आणि आत कोमट हवा येते. म्हणून खर्च करायचा तर तो आधी कंडेन्सरवर करावा, असे स्पष्टपणे सांगायला हवे. जुन्या नळी-पत्र्याच्या कंडेन्सरच्या जागी समांतर प्रवाहाचा नवा बसवला, पंख्याभोवतीचे कडे शाबूत ठेवले आणि लागल्यास एक जादा विजेचा पंखा लावला, तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. दाब धोक्याच्या वर गेल्यास कॉम्प्रेसर बंद करणारा स्विचही बसवावा.

दुसरा प्रश्न तेलाचा. या यंत्रणेत तेल वायूबरोबर फिरते आणि परत येऊन कॉम्प्रेसरला वंगण देते. खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांतला ए-६ हा सहा सिलिंडरांचा कॉम्प्रेसर तर आपल्या पोटातच तेलाचा साठा बाळगतो. तो उतरवून, उलटा करून निथळल्याशिवाय जुने तेल जात नाही. नवे तेल दोन प्रकारचे : पॅग आणि एस्टर. पॅग हवेतला ओलावा भराभर शोषतो आणि मागे राहिलेल्या क्लोरिनयुक्त अवशेषांशी त्याचे पटत नाही. त्यामुळे जुन्या गाडीत बहुधा एस्टर पसंत करतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर तेलाचा डबा क्षणभरही उघडा ठेवू नये.

ड्रायर नवाच हवा, कारण जुन्यातले ओलावा शोषणारे द्रव्य नव्या वायू-तेलाला चालत नाही. सांध्यांतल्या ओ-रिंगा बदलाव्यात. आर-१३४ए चा रेणू लहान असल्याने रबरी पाइपांतून तो झिरपतो, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण वर्षानुवर्षे तेल प्यालेले धड पाइप पुष्कळदा चांगले टिकतात. तडे गेलेले मात्र आतून अस्तर असलेल्या नव्या पाइपांनी बदलावेत. काही जुन्या गाड्यांत कूलिंग कॉइलचा दाब राखणारा पीओए वॉल्व असतो. शून्य अंशाला नव्या वायूचा दाब थोडा कमी असल्याने या वॉल्वचा मूळ ठरवलेला दाब खाली आणावा लागतो. ते राहिले, की सगळे नवे बसवूनही गारवा अपुरा पडतो आणि दोष कुठे आहे ते उमगत नाही.

जुना वायू हवेत सोडू नये, यंत्राने काढून घ्यावा. जोडणी झाल्यावर किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्युम मारावा (पंपाने आतली हवा आणि ओलावा काढावा) आणि पंप बंद करून दाबमापकाचा काटा जागेवर राहतो का ते पाहावे. राहिलेले पाणी एक्स्पान्शन वॉल्वच्या (कूलिंग कॉइलमध्ये प्रशीतक सोडणाऱ्या झडपेच्या) बारीक तोंडाशी गोठते आणि आतून आम्लही तयार करते. गॅस वजनावर भरावा : मूळ मापाच्या ८० ते ९० टक्के. पावणेदोन किलो आर-१२ घेणाऱ्या गाडीला साधारण १,४०० ते १,५७५ ग्रॅम पुरतात. जुने कारागीर यंत्रणेतल्या तपासणीच्या काचेतले बुडबुडे थांबेपर्यंत गॅस सोडत. आर-१२ साठी ती खूण बरोबर होती. आर-१३४ए मध्ये माप पूर्ण असतानाही काच धुरकट दिसू शकते, आणि त्या खुणेवर विसंबले, तर हमखास जास्त भरला जातो.

यंत्रणा घट्ट असेल आणि आर-१२ वर नीट गार करत असेल, तर ती उघडण्याचे कारण नाही. काढून शुद्ध केलेला आर-१२ काही देशांत आजही मिळतो. मूळ अवस्थेतली दुर्मीळ गाडी असेल, तर तोच मार्ग अधिक योग्य. गळती सापडली, कॉम्प्रेसर गेला किंवा यंत्रणा वर्षानुवर्षे रिकामी पडली असेल, तेव्हा रूपांतर करावे. नवा आर-१२३४वायएफ हा वायू तापमानवाढीच्या दृष्टीने फार सौम्य आहे, पण महाग आणि किंचित ज्वलनशील. जुन्या गाड्यांसाठी तो रुळलेला नाही. प्रोपेन-ब्युटेनची मिश्रणे स्वस्तात गार करतात, मात्र केबिनच्या कॉइलला गळती लागली, तर ती पेटू शकतात, म्हणून ती टाळावीत.

अमेरिकेतल्या नियमांनुसार रूपांतरानंतर जुन्या तोंडांवर आर-१३४ए ची वेगळ्या मापाची तोंडे कायमची बसवावी लागतात आणि बॉनेटखाली फिकट निळी पट्टी चिकटवावी लागते. वायूचे वजन, तेलाचा प्रकार आणि तारीख त्या पट्टीवर लिहितात. ती नसेल, तर पुढचा कारागीर आर-१२ समजून दोन वायूंची भेसळ करतो, आणि तसा मिसळलेला वायू शुद्ध करून पुन्हा वापरता येणे फार कठीण असते.