बीपीचा पट्टा कुणी धुवायचा?

मिरजेच्या दवाखान्यांत कोकणापासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट येतात. पेशंटमागे नातेवाईक, नातेवाइकांमागे डबे, चटई, चार्जर. पिशवी खाटेच्या दांड्याला अडकते. त्याच दांड्याला धरून पेशंट उठून बसतो, तिथंच हात टेकून सिस्टर सलाईन बघतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. जंतूंना याहून सोपा रस्ता काय हवा?

वस्तूंमधून रोग पसरतो ही शंका जुनीच. इटलीच्या फ्राकास्तोरो या वैद्याने १५४६ साली लिहून ठेवलं की कपड्यालत्त्यांत रोगाचं बीज टिकून राहतं. पुढे युरोपातल्या बंदरांवर कापूस-लोकर अडवून ठेवायची आणि पत्रांनाही धुरी द्यायची पद्धत पडली. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण नंतर पेस्ट शहरात (आजच्या बुडापेस्टचा भाग) काम करताना त्याने नीट न धुतलेल्या चादरींवरही बोट ठेवलं होतं. ते फारसं कुणी सांगत नाही, आणि आपल्या विषयात महत्त्वाचं तेच आहे.

सर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तोवर जंतू मारायला ब्रिटिश सर्जन लिस्टरने वापरात आणलेल्या कार्बोलिक अॅसिडला पाव शतक उलटून गेलं होतं. दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं ऑटोक्लेव्ह यंत्रही आलेलं होतं. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायची, हा वाद जवळपास मिटला होता. दोनच वर्षांनी मुंबईत प्लेग आला. पुण्या-मुंबईत सरकारी माणसांनी घरात घुसून अंथरुणं-कपडे जाळले, त्याचा राग लोकांच्या मनात किती काळ होता हे वेगळं सांगायला नको. १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर सिमोंने दाखवलं की प्लेग नेतात त्या उंदरांवरच्या पिसवा.

मग वारं उलटं फिरलं. अमेरिकेतले आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी १९१० मध्ये ठामपणे मांडलं की रोग पसरवतात ती माणसं, वस्तूंचा वाटा थोडा. म्हणणं बरंचसं खरं होतं, पण दवाखान्यात ते जरा जास्तच मानलं गेलं. पुढे अमेरिकन संशोधक अर्ल स्पॉल्डिंग यांनी जंतुसंसर्गाच्या धोक्यानुसार उपकरणांच्या तीन पायऱ्या ठरवल्या. शरीराच्या आत जाणारी हत्यारं सगळ्यांत वर. नुसत्या धडधाकट कातडीला लागणारा स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, खाट सगळ्यांत खाली. ही विभागणी आजही कामाची आहे. फक्त ‘धोका कमी’ याचा अर्थ रोजच्या घाईत ‘पुसलं नाही तरी चालतं’ असा होऊन बसला.

दुरुस्ती अलीकडची. २००६ च्या एका आढाव्यात दिसलं की स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जखमा चिघळवणारा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस ते सात महिने जगू शकतो. त्याच सुमारास अतिदक्षता विभागांतून हेही पुढे आलं की आधीच्या पेशंटकडे चिवट जंतू असले तर त्याच खोलीत आलेल्या नव्या पेशंटला ते लागण्याची शक्यता वाढते. २०१४ मध्ये जिनिव्हाच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर हात आणि स्टेथोस्कोप दोन्हींचे नमुने घेतले. बोटांची टोकं सोडली तर हातापेक्षा स्टेथोस्कोपची चकती जास्त माखलेली निघाली.

कोविडने पुन्हा घोळ घातला. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात पेशंट सापडले आणि सांगली जिल्ह्यात दुधाच्या पिशव्यासुद्धा साबणाने धुतल्या जाऊ लागल्या. तो विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे पुढे पक्कं झालं, आणि पुसापुशी हे थोतांडच असा लोकांचा समज झाला. वॉर्डातल्या जिवाणूंना तो समज लागू नाही.

स्टेथोस्कोप दोन पेशंटच्या मध्ये स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतो, मोबाइलही पुसता येतो. कापडी बीपी पट्ट्याला धुवावंच लागतं, आणि तो वाळेपर्यंत वापरायला दुसरा लागतो. एका वॉर्डाला एकच पट्टा असेल तर सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही. ही बाब खरेदीच्या यादीत यायला हवी. खाटेचा दांडा मावशींनी पुसायचा की वॉर्डबॉयने, हेही कुठेतरी लिहिलेलं हवं.