व्याकरण आधी की बोलणं आधी? या वादामागचा इतिहास

दुसरी भाषा शिकायची म्हटलं की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते आधी व्याकरण पक्कं करा, दुसरी म्हणते व्याकरण गेलं खड्ड्यात, चुकत माकत का होईना पण बोला. वाद आजकालचा वाटतो पण निदान दीडशे वर्षं असाच चालू आहे, आणि त्यात बराच काळ सगळे कसं शिकवायचं यावरच भांडत होते, शिकणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते बघायला फारसं कोणी गेलंच नाही.

शब्दांच्या याद्या हा प्रकार तर फारच जुना. मेसोपोटेमियात सुमेरियन बोलण्यातून गेली तरी लेखनिक व्हायचं तर ती यावीच लागायची, म्हणून सुमेरियन आणि अक्कडियन शब्द शेजारी शेजारी लिहिलेल्या मातीच्या पाट्या सापडतात. युरोपात पुढे लॅटिनचं तेच झालं, घरात कोणी बोलत नाही पण शिक्षण सगळं तिच्यात. आता अशी भाषा शिकवणार कशी, तर नियम, रूपांचे तक्ते आणि वाक्यांचं भाषांतर. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने 1658 मध्ये चित्रांचं पुस्तक काढून बघितलं, पण शाळांची सवय काही सुटली नाही. नंतर फ्रेंच, जर्मन शाळेत आल्या तेव्हा त्यांनाही लॅटिनचाच साचा लावला, नाहीतर त्यांना वजन कोण देणार! जिवंत भाषा मेलेल्या भाषेसारख्या शिकवायची पद्धत अशी पडली, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत तीच भोगलीय.

यात फ्रांस्वा ग्वँचा किस्सा भारी आहे, आणि तो त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. हा फ्रेंच माणूस लॅटिनचा मास्तर, जर्मन शिकायला हॅम्बर्गला गेला आणि खोलीत बसून अख्खं व्याकरण आणि 248 अनियमित क्रियापदं पाठ केली. मग ऐटीत तिथल्या अकादमीत व्याख्यान ऐकायला गेला तर एक शब्द कळेना. परत आला, आणखी पाठांतर, शेवटी डिक्शनरीच घोकून काढली, तरी तेच! लोकांशी गप्पा मारणं मात्र टाळत राहिला. घरी आला तर छोटा भाचा मधल्या काळात धडाधड बोलायला लागलेला, गिरणी बघून आला आणि तिथे काय काय झालं ते क्रमाने खेळत बसला. त्यावरून ग्वँने क्रियांच्या मालिकेतून शिकवायची पद्धत काढली, पुस्तक आलं 1880 मध्ये.

त्याच सुमारास बाकीचेही वैतागलेलेच होते. बर्लिट्झ नावाच्या भाषाशिक्षकाने 1878 मध्ये अमेरिकेत शाळा काढली, तिथे वर्गात फक्त नवीच भाषा बोलायची. 1882 मध्ये जर्मनीत व्हिएटोर या भाषातज्ज्ञाने टोपणनावाने पत्रक काढून भाषाशिक्षण उलटं फिरवा म्हणून सांगितलं, 1886 मध्ये पॅरिसमध्ये उच्चारशास्त्रवाल्यांची संघटना झाली. पण बर्लिट्झसारख्या या थेट पद्धतीला छोटा वर्ग आणि ती भाषा अस्खलित बोलणारा शिक्षक लागतो, सरकारी शाळेला ते परवडणार थोडंच.

मग आलं दुसरं महायुद्ध. अमेरिकन सैन्याला भाषा बोलणारी माणसं पटापट हवी होती, 1943 पासून छोटे गट करून तासन् तास सराव चालला. नंतर शाळा-कॉलेजांत त्यातलं फक्त घोटून घेणं उचललं गेलं, 1957 च्या स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाने अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी कायदा करून भाषाशिक्षणात पैसा ओतला, लँग्वेज लॅब उभ्या राहिल्या, हेडफोन लावा आणि वाक्यं म्हणत बसा. भाषा म्हणजे सवय, हा त्यामागचा विचार. 1959 मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने, माणूस भाषा सवयीने शिकतो म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पुस्तकावर परीक्षण लिहून त्या विचारालाच सुरुंग लावला.

खरी कलाटणी माझ्या मते 1967 ची. पिट कॉर्डर हा भाषाशास्त्रज्ञ म्हणाला की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे कचरा नाही, पुरावा आहे. मराठी शिकणारा ‘मी काम केलो’ म्हणतो तेव्हा तो निष्काळजी नसतो, आलो, गेलो, बसलो ऐकून त्याने स्वतःच नियम बांधलेला असतो, फक्त तो जास्तच पुढे ताणलाय. 1972 मध्ये सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने शिकणाऱ्याच्या या अधल्यामधल्या भाषेला स्वतंत्र व्यवस्थाच मानलं. मग क्रॅशन हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ म्हणाला समजेल असं भरपूर ऐका-वाचा, बाकी आपोआप येतं. त्यावर 1985 मध्ये संशोधक मेरिल स्वेनने कॅनडातली मुलं दाखवली, इंग्रजी घरातली, शाळा फ्रेंचमधून, वर्षानुवर्षं ऐकून समज उत्तम पण बोलताना-लिहिताना व्याकरणाची बोंब. म्हणजे नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः बोलावं-लिहावं लागतंच.

आणि हल्लीची अ‍ॅप्स? विसरायच्या बेतात असताना शब्द पुन्हा समोर आणायची युक्ती 1885 च्या, जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या स्मृतीवरच्या प्रयोगांपर्यंत मागे जाते, ती कामाची आहेच. पण बऱ्याच अ‍ॅप्समध्ये त्यासोबत संदर्भ नसलेली सुटी वाक्यं भाषांतराला येतात, ती थेट त्या लॅटिनच्या वर्गातली.