रेडिओमिर (घड्याळ)

रेडिओमिर : दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इटालियन आरमारातील पाणबुड्या सैनिकांना (पाण्याखाली उतरणाऱ्यांना) दिलेले मोठ्या आकाराचे मनगटी घड्याळ. फ्लॉरेन्सच्या पानेराई या पेढीने (स्थापना १८६०) ते पुरविले. पेढीने आपली घड्याळे सर्वसामान्यांसाठी विक्रीला काढली ती १९९३ मध्ये. १९९७ मध्ये तिचा घड्याळ-व्यवसाय वेंडोम या चैनीच्या वस्तूंच्या समूहाकडे गेला. या दोन वर्षांच्या दरम्यानच्या नगांना संग्राहक ‘प्री-वेंडोम’ म्हणतात, आरमारासाठी बनलेल्यांना ‘विंटेज’.

रेडिओमिर हे मुळात घड्याळाचे नव्हे, लेपाचे नाव होय. रेडियमच्या किरणोत्साराने झिंक सल्फाइड उजळते, या तत्त्वावर हा लेप अंधारात चमके. फ्रान्समध्ये २३ मार्च १९१६ रोजी दाखल झालेल्या पेटंटच्या पुरवणीत हे नाव आढळते, असे पानेराई कंपनी सांगते. ते ग्राह्य धरले, तरी तेथे प्रश्न उपकरणे प्रकाशमान करण्याचा होता. मनगटी घड्याळ त्यानंतर सुमारे दोन दशकांनी आले. त्यामुळे १९१६ हे घड्याळाचे जन्मवर्ष मानता येत नाही. पहिल्या प्रायोगिक नगांसाठी कंपनी १९३६ हे वर्ष देते. अलीकडचे काही अभ्यासक १९३५ कडे झुकतात.

निर्माता कोण, हा दुसरा वाद. पानेराईने घड्याळ घडविले, अशी समजूत रूढ आहे. मात्र ३६४६ या क्रमांकाच्या नमुन्याची उशीच्या आकाराची, सुमारे ४७ मिमी. रुंदीची केस (बाहेरचे कवच) रोलेक्सची आहे. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस रोलेक्सचा शिक्का असतो. आतील यंत्र कोर्टेबेर कंपनीच्या खिशातल्या घड्याळाचे (कॅलिबर म्हणजे यंत्राचा नमुना ६१८) असून त्यावरही रोलेक्सचेच नाव आढळते. पट्टा अडकविण्यासाठी केसला तारेच्या कड्या जोडलेल्या. हा पुरावा पाहता पानेराईचा वाटा प्रामुख्याने पुरवठ्याचा व तबकडीचा होता, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

तबकडी दुपदरी असते. वरच्या पदरातून अंक कोरून काढलेले व खाली लेप, म्हणून तिला ‘सँडविच’ म्हणतात. वरच्या अर्ध्या भागात रोमन आणि खालच्या अर्ध्यात इंग्रजी अंक असलेली ‘कॅलिफोर्निया’ तबकडीही मिळते. हे नाव मात्र बरेच नंतरचे. जर्मन पाणबुड्या सैनिकांकडे गेलेल्या काही नगांच्या तबकडीवर कोणतेच नाव नाही.

१८–१९ डिसेंबर १९४१ च्या रात्री इटालियन आरमाराच्या डेचिमा मास या तुकडीच्या सहा जणांनी तीन मानवी टॉर्पेडोंवरून (स्वार होऊन पाण्याखाली चालवायच्या लहान वाहनांवरून) अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. घड्याळाची ख्याती बरीचशी याच तुकडीच्या नावावर उभी आहे.

युद्धानंतर पानेराईच्या घड्याळांसाठी ल्युमिनॉर हे नवे नाव आले आणि चावीवर तरफेचा संरक्षक पूल बसला. इजिप्तच्या आरमारासाठी ६० मिमी. रुंदीचे, आठ दिवस चालणारे घड्याळही बनले.

१९९७ मध्ये शिल्लक राहिलेली जुनी यंत्रे वापरून ६० प्लॅटिनम रेडिओमिर काढण्यात आली. संग्राहक मात्र डागाळलेल्या जुन्या नगांनाच अधिक मानतात, आणि तबकडी न बदललेली असणे हा पहिला निकष. जुना लेप आता चमकत नाही, कारण त्यातले झिंक सल्फाइड निकामी झाले आहे. रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सार जवळपास तेवढाच आहे. अशी केस घरी उघडू नये. लेपाची भुकटी श्वासावाटे शरीरात जाऊ शकते.