गुलाबी रंग गेला कुठे?

गावच्या विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर होणारी ‘ओटी टेस्ट’ अनेकांनी पाहिली असेल. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ पीपीएम क्लोरीन उरला तरी पुरतो, त्यामुळे तिथे ही चाचणी चालून जाते. लोणावळा-अलिबागकडच्या बंगल्यांत पोहण्याच्या तलावाशेजारीही हीच बाटली दिसते. तिथे मात्र ती फसवते.

कारण तलावात माणसं उतरतात. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं. डोळे चुरचुरतात, नाकात झणझणतं ते त्यामुळे. हे बांधलं गेलेलं क्लोरीन जंतू मारण्यात फारच ढिलं. ओटीचा पिवळा रंग मात्र दोघांनाही येतो, म्हणून त्यावरून फक्त एकूण क्लोरीन कळतो. आपल्याला हवा असतो मोकळा, म्हणजे असा बांधला न गेलेला क्लोरीन. शिवाय ऑर्थोटोलिडिन कर्करोगाला कारण ठरत असल्याचा संशय आहे, तेव्हा ते हाताळताना जपावं.

मोकळा क्लोरीन वेगळा मोजण्याची सोय ब्रिटिश रसायनतज्ज्ञ ए. टी. पालिन यांनी १९५७ मध्ये डीपीडी या रसायनाने करून दिली. पहिल्या गोळीने पाणी गुलाबी होतं, तो मोकळा क्लोरीन. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की एकूण आकडा मिळतो. वजाबाकी केली की क्लोरामाइन. पहिला रंग लगेच वाचायचा, कारण थांबलात तर क्लोरामाइनही हळूहळू गुलाबी रंग वाढवत नेतं. गोळीला बोट लावू नये. तिसऱ्या गोळीचा अंश नळीत राहिला तर पुढचा आकडा चुकतो, म्हणून नळी नीट विसळावी.

सगळ्यांत घातक चूक वेगळीच आहे. क्लोरीन खूप वाढला, साधारण १० पीपीएमच्या पुढे, की तो डीपीडीचा रंगच उडवून टाकतो. नळी स्वच्छ पांढरी! मालक समजतो, क्लोरीन शून्य आहे, आणि आणखी ओततो. मला या चुकीची मनापासून भीती वाटते, कारण पुढे त्याच पाण्यात मुलं उतरणार असतात. गोळी टाकताक्षणी गुलाबी झाक चमकून विझली तर ही शंका घ्यावी. खात्रीसाठी एक भाग तलावाचं पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा तपासावं आणि आकडा पाचाने गुणावा.

मला स्वतःला थेंब मोजायची पद्धत जास्त भरवशाची वाटते. १० मिलि पाण्यात डीपीडी पावडर टाकून गुलाबी करायचं, मग दुसऱ्या द्रावणाचे थेंब पाणी रंगहीन होईपर्यंत मोजायचे. नेहमीच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम. रंगछटा ताडून पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. पाणी मात्र कोपरभर खोलीवरून घ्यावं, पाणी आत सोडणाऱ्या तोंडापासून दूर.

आकडा बरोबर आला तरी तो एकट्याने पुरेसा नाही. पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच ७.५ च्या आसपास असेल तर मोकळ्या क्लोरीनचा निम्मा भागच जोरकस हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. पीएच ८ ला तो पाव हिश्श्याच्या आसपास येतो. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी टीसीसीए ही क्लोरीनची गोळी पाण्यात सायन्युरिक आम्लही सोडते. ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं, पण त्याला धरूनही ठेवतं, आणि डीपीडी हा धरलेला भागही ‘मोकळा’ म्हणूनच दाखवते. म्हणून अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था एरवी किमान १ पीपीएम सांगते, पण सायन्युरिक आम्ल असेल तर किमान २. टीसीसीएतून १० पीपीएम क्लोरीन गेला की सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल मागे राहतं. क्लोरीन खर्च होतो, ते साचत जातं. त्याची चाचणी वेगळी असते: पाणी गढूळ होऊन नळीच्या तळाचा काळा ठिपका कुठल्या पातळीला दिसेनासा होतो ते पाहायचं. आकडा फार चढला असेल तर थोडं पाणी उपसून नवं भरणं हाच घरगुती उपाय.